हनुवटीवरचे तीन ठिपके

बाईंनी माझी हनुवटी चिमटीत धरली आणि सगळ्या वर्गाकडं वळवली.

"हे बघा, असे तीन ठिपके. मधला जरा खाली. काजळानं काढा, आयब्रो पेन्सिल असेल तर उत्तमच."

पोरी पुढं सरकल्या. एक तर इतकी वाकली की तिच्या तोंडाचा बिस्किटाचा वास मला आला. "बाई, हिचा मधला ठिपका मोठा आहे." "हो, तसाच काढायचा." बाईंनी माझं तोंड उजेडाकडं केलं, मग डावीकडं, मग वर. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचे दात बघतात ना, तसं. माझा बाप निदान बैलाच्या तोंडाला हात लावायच्या आधी त्याच्या मानेवर थाप मारायचा.

मी सातवीत होते. तेरावं लागलं होतं. शाळा शहापूर तालुक्यातली, धरणाच्या कॉलनीला धरून असलेली. नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, त्या एका शाळेत झालं असेल बाबा. एका शाळेचं नाही ते.

संमेलनासाठी बाई 'आदिवासी नृत्य' बसवत होत्या. नाचणाऱ्या पोरी सगळ्या कॉलनीतल्या, साहेबलोकांच्या. वर्गात ठाकराची पोर एकच, ती मी. आणि मी नाचात नव्हते. मी फळा होते, माझ्यावर बघून उतरवून घ्यायचं.

हनुवटी सुटली तेव्हा मी विचारलं. कुठून धीर आला कोण जाणे. "बाई, मी पण नाचू?"

बाई हसल्या. छद्मी हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मायेनं हसल्या. म्हणाल्या, "अगं, तू कशाला? तुझं तर खरंच आहे. त्यात कला कसली?"

वर्ग खो खो हसला. आणि ऐका आता, मी पण हसले. सगळ्यांच्या बरोबरीनं, दात काढून. कान तापले होते, आणि तोंड हसत होतं. मेलं ते तोंड माझं होतं की त्यांचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

ते ठिपके मुळात आले कसे, ते आधी सांगते. नाहीतर वाचणारा म्हणेल, आईबापानं जबरदस्ती केली असणार, अडाणी लोक. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच रडून रडून घेतले होते.

मामाचं गाव मुरबाडकडं. दरवर्षी पौषात आम्ही म्हशाला जायचो, बाप बैल बघायला आणि आय भावाला भेटायला. मी दहा वर्षांची असेन, चौथीत. पाड्यावरच्या माझ्या जोडीच्या सगळ्या पोरींनी आदल्या वर्षी गोंदून घेतलं होतं, मीच तेवढी कोरी. पाण्याला गेलं की मला म्हणायच्या, "ही अजून पोर हाय." बस, एवढंच म्हणायच्या. पण मला ते इतकं लागायचं की मी हंडा घेऊन एकटी मागं चालायची.

जत्रेत घोंगड्यांच्या दुकानांच्या पलीकडं गोंदणारी बसायची. मी आयचा पदर ओढला. आय म्हणाली, "नको गो, दुखतंय." मी तिथंच धुळीत बसकण मारली आणि भोकाड पसरलं. शेवटी आयनं माझं डोकं मांडीवर धरलं. सुई टोचत होती आणि मी हूं की चूं केलं नाही. आय म्हणाली, "सोनंनाणं मेल्यावर काढून घेत्यात. गोंदण तेवढं संगं येतं." मला मेल्यानंतरचं काय करायचं होतं? मला पाण्याला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी हनुवटी सुजलेली घेऊन मी पाणवठ्यावर गेले, तर पोरींनी मला मधी घेतलं. त्या दिवशी माझ्यासारखी राणी जगात दुसरी नव्हती.

म्हणजे ठिपके घेतले ते पोरींसाठी, आणि पुसायला गेले तेही पोरींसाठीच. मधी गेली तीन वर्षं.

पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. पाचवी-सहावी मी मामाकडं राहून केली. सातवीला बापानं कॉलनीजवळच्या शाळेत नाव घातलं, कारण ती चांगली, तिथं सायन्सची खोली होती. आमच्या पाड्यावरनं धरणाचं पाणी दिसतं. निळंशार. ते मुंबईला जातं. आमच्या बायका फाल्गुनात हंडा घेऊन ओढ्यात खड्डे उकरतात. पण ते असो, ते रडगाणं मला इथं गायचं नाही.

वर्गात मेघना होती. मोठ्या साहेबाची पोर. ती वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना गोष्टीत वाईट पोर लागते. मेघना हसरी होती, अक्षर मोत्यासारखं, दोन वेण्यांना पांढऱ्या रिबिनी. मधल्या सुट्टीत बदामाच्या झाडाखाली तिचं रिंगण बसायचं. डबे उघडायचे, आणि कुणी काय बोलावं, कशावर हसावं, कुणाशी उद्या बोलायचं नाही, हे सगळं तिथं ठरायचं. रिंगणात जागा मिळाली तर तुम्ही आहात. नाही मिळाली तर तुम्ही नाही. इतकं सोपं होतं. पहिले सहा महिने मी नव्हतेच.

नाच बसायला लागला आणि मेघनानं मला हाक मारली. "ए, ये ना इथं." माझ्यासाठी सरकून जागा केली! अजून आठवतं, तिनं फ्रॉक आवरून घेतला आणि मातीवर हात मारून दाखवला, इथं बस. मी बसले. छातीत असं धडधडत होतं, जणू परीक्षेत पहिली आले.

मग रोजच. "ते बोल ना, तुमच्यासारखं." मी म्हणायची, "मी नाय जायाची." सगळ्या लोळून हसायच्या. "परत बोल, परत." मी परत म्हणायची. पोपट तरी मिरची घेतो, मी फुकट बोलायची. "तुम्ही रात्री शेकोटीभोवती नाचता ना? हू-हू-हू करत?" मी म्हणायची, "हो तर." खोटं. धडधडीत खोटं. आमच्या फेराच्या नाचात कुणी ओरडत नाही. एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफायचे, दोन पावलं पुढं, एक मागं, आणि एकीनं म्हटलेलं गाणं दुसरीनं झेलायचं. सगळा फेर एका अंगानं हलतो. त्यात कुणी पानं नेसत नाही की तोंडावर हात आपटत नाही. पण मी म्हटलं, "हो तर, हू-हू करतो आमी." त्यांना जी ठाकरीण पाहिजे होती ती मी करून देत होते. माझ्याच हातानं.

मला वाटायचं, मी आवडते यांना.

पुढं बाईंनी फर्मान काढलं. नाचाला पानांचे घागरे करायचे, तर पानं कोण आणणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडं. बाई म्हणाल्या, "तू तर जंगलातच राहतेस. चांगला भारा घेऊन ये, हिरवा बघून."

पौष-माघात आमच्याकडं हिरव्या टहाळाला किंमत असते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, त्या जमिनीवर आम्ही झाडाचा टहाळ, शेण, पातेरा थर लावून पसरतो आणि पाऊस यायच्या आधी जाळतो. याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोप धरत नाही, रोप नाही तर भात नाही. बाप ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडायचा आणि आय त्या भाऱ्यांनी डोक्यावरनं खाली आणायची. मान मोडून जाते माणसाची. मी त्या ढिगातला सगळ्यात ताजा भारा काढला.

आयनं बघितलं. "राबाचा टहाळ कुठं नेतंस?"

"शाळेत. नाचाला पायजे."

"नाचाला?" आय बघतच राहिली. "पाला नेसून नाचणार? कोण?"

"साहेबाच्या पोरी."

आयनं भाऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "आणि तू?"

मी भाऱ्याची गाठ आवळली. आयनं चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि भारा उचलून दिला. 

तो भारा डोक्यावर घेऊन मी शाळेच्या गेटातनं आत शिरले. प्रार्थना नुकती संपली होती. सगळी शाळा मैदानावर, रांगेत. आधी एक पोरगा ओरडला, "हू-हू-हू!" मग दुसरा. मग रांगेच्या रांगा तोंडावर हात आपटायला लागल्या, पार चौथीतली शेंबडी पोरं पण. सर लोक हसत होते. एक सर म्हणाले, "अरे, बास!" पण ते म्हणताना पण हसत होते. मला डोकं हलवता येत नव्हतं, भारा पडला असता. नाहीतर मी मान तरी खाली घातली असती. मान ताठ ठेवून अख्खं मैदान चालले, आणि बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय रुबाबात चालते!

मेघना व्हरांड्यात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं इकडंतिकडं बघितलं, बाकीच्या काय करतात ते. मग तिनं पण हात तोंडावर नेला.

त्या दिवसापासून मला वाट राहिली नाही. खरंच सांगते, कुठूनच नाही. वर्गात गेलं की मागच्या बाकावरनं हू-हू. पाणी प्यायला गेलं की हू-हू. शाळा सोडावी तर बापाला काय सांगू? त्यानं केवढ्या हौसेनं दप्तर आणलं होतं. आयला सांगावं तर ती बाईंशी भांडायला येणार, लुगडं वर खोचून, आणि मला आयचीच लाज वाटणार. लाज वाटणार याची पण लाज. पाड्यावरच्या पोरींकडं जावं तर त्या म्हणायच्या, "आता तू कॉलनीवाली." इकडची नाही, तिकडची नाही. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी, की मधली सुट्टी झाली की माझे पाय आपोआप त्या बदामाकडंच वळायचे. चिडवणाऱ्या त्याच, आणि मला जागा पाहिजे होती ती त्यांच्यातच. घुशीचा सापळा बघितलाय का तुम्ही? आत भाकरीचा तुकडा असतो. घूस येडी नसते, भुकेली असते.

मग मी विचार केला. तेरा वर्षांच्या डोक्यानं करायचा तसाच. सगळं या तीन ठिपक्यांनी झालं. ठिपके गेले की मी त्यांच्यासारखी.

पायात काटा मोडला की आय बिब्बा तापवून त्याचा चटका देते. बिब्ब्याच्या तेलानं कातडी जळते हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. आय टहाळ आणायला गेली होती. दुपार होती. मी बिब्बा घेतला आणि एकेका ठिपक्यावर लावला. आधी नुसती आग झाली. मला बरं वाटलं, म्हटलं जातंय. संध्याकाळी बिब्बा उतला. हनुवटी, ओठ, गळा, सगळं टरारून सुजलं, पाण्यानं भरलेले फोड आले. आरशात बघितलं तर मी मलाच ओळखेना.

आय आली. भारा दारातच टाकला. "कोनी केलान हे?"

"मीच."

मला वाटलं आता मार बसणार. आय खाली बसली. खोबऱ्याचा तुकडा तोंडात चावला, आणि तो चोथा माझ्या हनुवटीवर लावायला लागली. लावता लावता तिच्या स्वतःच्या हनुवटीवरचे ठिपके माझ्या डोळ्यासमोर हलत होते. ती रडत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "एवढं का गो ते वंगाळ दिसतं?" ती माझ्याबद्दल विचारत होती की स्वतःबद्दल? मी डोळे मिटून घेतले.

संमेलनाच्या दिवशी मी शाळेत गेले. आय नको म्हणत होती. पण मला जायचंच होतं. सूज उतरली होती, हनुवटीवर ओली खपली होती. ठिपके दिसत नव्हते. माझ्या मनात काय होतं सांगू? मेघना बघेल आणि म्हणेल, अगं, गेले की!

मेघनानं बघितलं. "ई! हे काय? लागण होईल. लांब बस." सगळ्या रिंगणानं बुड उचललं आणि पलीकडं जाऊन बसलं. मी जिथं होते तिथंच उभी. हातात डबा.

तेवढ्यात बाई धावत आल्या. शालू नेसलेल्या, केसांत गजरा. माझं तोंड बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! हे काय करून ठेवलंस? आता मुलींचे ठिपके कशावर बघून काढू मी?"

दुखतंय का, असं नाही विचारलं. कशानं झालं, नाही. कशावर बघून काढू.

मग त्यांना आणखी एक आठवलं. नाचातली एक पोर तापानं आली नव्हती, जोडी अडली होती. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चल, तू उभी राहा तिच्या जागी. तुला काही शिकवायला नको. मागं राहा आणि हू-हू कर." मला मेकअपच्या खोलीत नेलं आणि पेन्सिल काढली. "थांब, हनुवटी वर कर. तुझे पण काढून घेते, उठून दिसायला हवेत."

मला नाचात घेतलं होतं! ज्याच्यासाठी मी पोपट झाले, भारा वाहिला, तोंड जाळून घेतलं, ते मला मिळत होतं. खोटं कशाला बोलू, एक क्षण माझा जीव हरखला. मी हनुवटी वर पण केली.

पेन्सिलीचं टोक खपलीला लागलं. जिथं माझा खरा ठिपका होता, बरोबर तिथंच बाई खोटा काढत होत्या. खपली उचकटली. ऊन रक्ताचा थेंब गळ्यावरनं खाली गेला. बाई म्हणाल्या, "हलू नको गं, बिघडेल."

मी बाईंचा हात धरला. मनगटाला. बांगड्या वाजल्या.

"नाय."

"काय?"

"नाय काढायचे. माझे होते. तुमी नाय काढायचे."

 मी बाईंचा हात सोडला. कोपऱ्यात माझ्या आयच्या राबाचा टहाळ पाणी मारून ठेवलेला होता. घागरे अजून बांधायचे होते, पोरी सुतळी शोधत होत्या. मी गेले आणि टहाळ गोळा करायला लागले. मेघनाच्या हातात दोन डहाळ्या होत्या. मी हात पुढं केला. तिनं दिल्या. 

भारा बांधला. ओढणीची चुंबळ केली. गुडघ्यावर घेतला, मग डोक्यावर. आणि बाहेर पडले. समोर मंडप, पाहुणे, खुर्च्या, आईबाप. मागं बाई ओरडत होत्या, "अगं, कुठं चाललीस? पानं ठेव ती!" मी खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत गेले. कुणीतरी सवयीनं हू-हू केलं, पण एकट्याचंच निघालं, आणि विझलं. हनुवटीवरनं रक्त गळत होतं, मी पुसलं नाही. हात भाऱ्याला होते. गेटातनं बाहेर पडले आणि घरी आले. टहाळ राबावर टाकला.

दुसऱ्या दिवशी आयला शाळेत बोलावणं. बाई म्हणाल्या, पोरगी उद्धट आहे, कार्यक्रमाचा विचका केला, ऐनवेळी पानं पळवून नेली. आय उभी होती, खुर्ची कुणी दिली नव्हती. ती म्हणाली, "बाई, पाला माझ्या राबाचा. माझ्या पोरीनं डोक्यावर आनला, डोक्यावर नेला. तुमचा काय गेला?" एवढंच बोलली. मला आयची लाज वाटेल असं मी समजत होते ना? वाटली नाही. पुन्हा कधी वाटली नाही.

पण त्या दिवसानंतर मी मोकळी झाले, असं कुणी समजू नका. तसं लिहिलं तर टाळ्या पडतात, पण ते खोटं आहे. दहावीपर्यंत मी त्याच शाळेत होते, पहिल्या बाकावर एकटी. बदामाच्या झाडाकडं न बघता डबा खायची, आणि न बघायला किती जोर लागतो ते मलाच ठाऊक. कित्येकदा वाटलं, जावं आणि म्हणावं, चुकले, मला घ्या. गेले नाही. इतकंच केलं मी. स्वतःला मात्र रोज शिव्या दिल्या, की तू लाचार, तुला कणा नाही, कुणी हसलं की तू हसतेस, कुणी शू केलं की तू जातेस. हा काटा वर्षानुवर्षं आत राहिला.

पुढं डीएड केलं. मुरबाड तालुक्यात झेडपीच्या शाळेत लागले. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती, तेव्हा आमचं एक शिबिर होतं, कुमारवयातल्या मुलांवर. ठाण्याहून डॉक्टर आल्या होत्या. भिंतीवर माणसाच्या डोक्याचं मोठं चित्र लावलं. म्हणाल्या, "हा कपाळामागचा भाग. थांब, विचार कर, असं सांगणारा. हा सगळ्यात उशिरा पक्का होतो, विशी उलटल्यावर. आणि हा आतला. लाज, राग, भीती, आनंद. बाराव्या-तेराव्या वर्षी हा नुसता पेटलेला असतो. त्यात बरोबरीची मुलं बघत असली की विचारूच नका. चारचौघांत एकटं पाडलं तर या वयात मार लागल्यासारखं दुखतं. ते नाटक नसतं."

माझा हात हनुवटीवर गेला. तिथं आता ठिपके नाहीत, एक पांढुरका, सुरकुतलेला चट्टा आहे. मी लाचार नव्हते तर! माझं डोकं तेव्हा भाजायला टाकलेल्या राबासारखं होतं, नुसता जाळ, रोप यायचं होतं. इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

तेवढ्यात मागून एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, आमच्या पाड्यावरच्या पोरांचा तो कपाळामागचा भाग पक्का होतच नाही वाटतं कधी."

हॉल हसला. आणि काय सांगू, माझ्या पण ओठाचे कोपरे हलले. पंचविशी उलटलेली, हातात खडू, आणि तोंड मेलं तयार हसायला! मी ते तिथंच दाबलं. उभी राहिले.

"मॅडम, मला एक विचारायचंय. सातवीत माझ्या वर्गातल्या पोरी मला हसल्या. त्यांचं डोकं पक्कं नव्हतं, मी त्यांना सोडलं. पण ज्या बाईंनी माझी हनुवटी धरून वर्गाला दाखवली, त्या चाळिशीच्या होत्या. त्यांचा तो भाग कुठं होता? आणि या गुरुजींचा आता कुठं आहे?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी पट्टी खाली ठेवली. म्हणाल्या, "याला मेंदूचं कारण नाही." संयोजकांनी घाईघाईनं जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवताना माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही.  मी जेवले. भात पुन्हा घेतला.

आता यंदाचं. आमच्या शाळेत संमेलनाची बैठक झाली. हेडसर म्हणाले, "आदिवासी नृत्य ठेवू. पाहुण्यांना आवडतं. बाई, तुमच्याच समाजाचं आहे, तुम्हीच बसवा. पोरींना पानं आणायला सांगा." कुणीतरी हौसेनं हू-हू करून दाखवलं. दारात सातवीतली हिरा चहाचे पेले घेऊन उभी होती. तिच्या हनुवटीवर तिच्या आयनं हौसेनं गोंदवलेले ठिपके आहेत. सगळे हसले तशी ती पण हसली. पेल्यांचा ट्रे एका हातात आणि दुसऱ्या हाताचा पंजा हनुवटीवर.

ते हसणं मी ओळखते. अंगाची आग आग झाली.

मी म्हटलं, "सर, पानं येणार नाहीत. तो टहाळ राबाचा असतो. फेराचा नाच पाहिजे असेल तर पोरींच्या आया येऊन शिकवतील, त्यांना खुर्ची द्यायची आणि पोरी लुगडं नेसून नाचतील. हू-हू कुणी करणार नाही. केलं तर मी स्टेजवर चढून कार्यक्रम बंद करीन. पाहुण्यांसमोर."

हेडसर म्हणाले, "बाई, नोकरीत असं बोलून चालत नाही. वर कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हटलं.

कळवलंय म्हणे. बदली होईल, कसाऱ्याच्या डोंगरात टाकतील, नाहीतर आणखी काही. होऊ दे. माझ्या देखत एकाही पोरीची हनुवटी कुणी चिमटीत धरून वळवणार नाही. आणि मला बाहेर काढलंच, तर डोक्यावर भारा घेऊन मान ताठ ठेवून शाळेच्या गेटातनं कसं बाहेर पडायचं, ते मला तेराव्या वर्षापासून येतं.